उजव्या हाताची पन्हाळ

मी एक स्प्लिंट बोलतेय. नाव अवघड वाटलं तरी माझं काम अगदी साधं आहे. दुखऱ्या हाताला मी हलू देत नाही. मनगट, तळहात आणि अंगठा मी धरून ठेवते, उरलेली बोटं बाहेर राहतात. पांढऱ्या प्लास्टिकचं अंग आणि त्यावर वेल्क्रोचे बंद, एवढाच माझा थाट. ज्यांच्या हातासाठी मला घडवलं, त्या बाईंच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "ही काय पन्हाळ बांधून आणलीस हाताला?" तेव्हापासून त्या घरात मी पन्हाळच.

माझा जन्म दवाखान्यात झाला. थेरपिस्टने गरम पाण्यात मला मऊ केलं, बाईंच्या उजव्या हाताखाली अंथरलं आणि दाबून दाबून त्या हाताचा आकार दिला. निवता निवता मला जगातली पहिली गोष्ट कळली, ती म्हणजे दुखणं. ते अंगठ्याच्या मुळाशी बसलं होतं आणि तिथून कोपरापर्यंत ओढ घेत होतं.

बाई पियानो वाजवायच्या, शिकवायच्या. दुखणं त्यांनी कित्येक वर्षं अंगावर काढलं होतं. "जरा गरम झाला की सुटतो हात," असं त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि वाजवणारी माणसं अशा गोष्टींवर लगेच विश्वास ठेवतात. मग एकदा भरल्या सभागृहात अंगठा आखडला आणि हात पट्ट्यांवर तसाच पडून राहिला. लोकांना वाटलं, रचनाच तिथे संपते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पूर्ण विश्रांती," थेरपिस्ट म्हणाला. "पियानोचं झाकणसुद्धा उघडायचं नाही."

"आणि मनातल्या मनात वाजवलं तर?" बाईंनी विचारलं.

तो हसला. "मनात काय हवं ते वाजवा. मनाला कुठे सूज येते?"

हे त्याने बोलायला नको होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने मनात दोन गाणी गुणगुणली असती आणि झोप काढली असती. बाई मात्र रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या, मला मांडीवरच्या उशीवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि अख्खा कार्यक्रम वाजवायच्या. चुकलं की मागे जाऊन पुन्हा वाजवायच्या. जित्याची खोड ती.

बोटं हलत नव्हती. पण हलण्याच्या आधी हातात जे काही होतं, ते होत होतं. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून ते माझ्यात उतरत गेलं. विशेषतः एक संथ रचना, जिने बाई नेहमी कार्यक्रम संपवायच्या. ती माझ्यात थेंबाथेंबाने साचली आणि तिच्याबरोबर दुखणंही आलं. हात धुवायला मला काढलं की बाई म्हणायच्या, "ताई, आज हलका वाटतोय गं." ताईंना आनंद व्हायचा.

ताई शिवणकाम करायच्या. त्यांची मशीन शेजारच्या खोलीत होती. एका दुपारी मशीन थांबवून त्यांनी विचारलं, "टकटक कसली येतेय?" बाई बाहेर गेल्या होत्या. टेबलावर मी एकटीच होते आणि माझी कड लाकडावर ठेका धरत होती. ताई दारात आल्या तशी मी थांबले. त्यांनी उंदीर असेल म्हणून कपाटाखाली काठी फिरवून पाहिली. मग बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

बाईंचा हात बरा झाला. सूज गेली, दुखणं गेलं. त्यांनी झाकण उघडलं, दोन्ही हात ठेवले आणि ती संथ रचना सुरू केली. डावा हात ओळखीच्या घरात शिरावा तसा चालू लागला. उजवा पाहुण्यासारखा अवघडून बसला. त्याला काहीच येत नव्हतं.

"स्नायू उत्तम आहेत, नसा उत्तम आहेत," थेरपिस्ट म्हणाला. "सराव करा."

त्यांनी पुष्कळ सराव केला. एकदा ताई बोलून गेल्या, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" आणि लगेच त्यांनी जीभ चावली. बाई पियानोवर डोकं टेकून रडल्या. मला फार वाईट वाटलं. मला ते नको होतं, पण परत कसं द्यायचं हे मला कळत नव्हतं.

एकदा पियानो पुसता पुसता ताईंनी मला उचललं. लहानपणी त्या धाकटीला क्लासला पोहोचवायच्या आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. त्यांना कधी कुणी आत बोलावलं नाही. त्यांनी गंमत म्हणून माझ्यात हात घातला, बंद लावले, आणि त्यांची बोटं पट्ट्यांवर गेली.

ताईंनी ती रचना वाजवली. फक्त उजव्या हाताची बाजू, पण बाई वाजवायच्या तशी, त्याच जागी श्वास घेत. त्यांचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता आणि हात थांबत नव्हता.

बाई स्वयंपाकघरातून आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी स्वतःचं वाजवणं ऐकलं. त्या क्षणी त्यांना ते थांबवायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"अगं, दुखतंय," ताई कळवळल्या. "इथे, अंगठ्याच्या मुळाशी. काढ ना हे!"

बाई धावल्या. बंद ओरबाडून त्यांनी मला काढलं आणि ताईंचा अंगठा दोन्ही हातांत घेतला. "ते माझं आहे ताई," त्या म्हणाल्या. "ते तुझं नाही."

कितीतरी दिवस ताईंना कात्री धरता आली नाही. "फेकून दे ती पन्हाळ," त्या सारखं सांगायच्या. बाईंनी मला फेकलं नाही. स्वरलिपीच्या चोपड्यांखाली, कपाटात ठेवलं.

मग बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. पाच सूर वर, पाच सूर खाली, लहान मुलं शिकतात तसे. ठेचकाळत, पण न दुखता. एकदा पलीकडून ताई म्हणाल्या, "आज बरं वाटलं गं ऐकायला."

"काय बरं? नुसती अडखळत होते मी."

"हो, पण तूच होतीस ना."

ते ऐकून मलाही बरं वाटलं होतं.

पण काल सभागृहातून निरोप आला. पुन्हा वाजवाल का, लोक विचारतात. बाई फोनवर हो म्हणाल्या.

आत्ता कपाटाचं दार उघडलंय. चोपड्या बाजूला झाल्यात. बाईंच्या हातात मी आहे, पण त्यांचा हात अजून माझ्यात नाही.

बाई, कार्यक्रमाच्या दिवशी मी तुमच्यासाठी सगळं वाजवून देईन, त्यात शंका नको. लोक उभं राहून टाळ्या वाजवतील. पण दुखणंही येईल, तेच, तिथेच. आणि मला काढाल तेव्हा ते पाच सूरसुद्धा माझ्यातच राहतील. मी साठवून ठेवते, बाई. मला दुसरं काही येत नाही.

तुम्ही पहिला बंद उघडलात. मला स्वतःहून मिटता येत नाही आणि तुम्हाला अडवायला माझ्याकडे हात नाही. ताई अडवू शकतील. शेजारच्या खोलीत त्यांची मशीन चालू आहे.

बाई, ताईंना हाक मारा.