पहिली नर्व्ह

बाईंनी कवटीचं झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि आतल्या पुढच्या खळग्यात करंगळी टेकवली.

"तीन खळगे. पुढचा, मधला, मागचा. पायऱ्या उतराव्यात तसे एकेक खाली. आणि पुढच्यातली ही चाळणी कशाला?"

"वासाला!" वर्ग ओरडला.

करंगळीच्या टोकाशी हाडाला बारीक बारीक भोकं होती. त्यांतून वासाचे धागे नाकाकडून मेंदूकडे जातात. मेंदूच्या बारा नर्व्हपैकी ही पहिली. एकतीस वर्षं बाई इथे हमखास थांबत आणि सांगत, की माणूस मागे आपटतो, मार मागच्या हाडाला बसतो, मेंदू आत हेलकावतो आणि हे धागे इकडे पुढे तुटतात. आज त्या फक्त "पुढे चला" म्हणाल्या आणि मधल्या खळग्यात शिरल्या. तिथे मात्र रमल्या. गोल भोक, लांबट भोक, त्याच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढं तिसरं. त्यातून वर येणारी धमनी कानशिलाच्या हाडावर आतून चर पाडत जाते.

"कानशिलावर फटका बसला की हीच फुटते. माणूस उठून बसतो, 'मला काही झालं नाही' म्हणतो. त्याचं ऐकायचं नाही!"

मुलं हसली. बाईही हसल्या, पण जरा उशिराच.

तीन महिन्यांपूर्वी बाई न्हाणीघरात मागच्या मागे पडल्या होत्या. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने तपासलं. डोळे फिरवायला लावले, जीभ काढायला लावली, खांदे उडवायला लावले आणि कागदावर लिहिलं, दुसरी ते बारावी ठीक. पहिली कोणी तपासतच नाही. डॉक्टरांच्या या खोडीला बाईंनी जन्मभर नावं ठेवली होती. त्या दिवशी मात्र त्या मूग गिळून बसल्या, कारण दाराशी मुलगा उभा होता आणि म्हणत होता, "आई, आता अजून एक काही निघालं ना, तर मी तुला घेऊनच जाणार."

मुलगा गुणाचा, सूनही. पण तिथे दोघं दिवसभर कामावर, आणि बाई एका खोलीत भिंतीकडे बघत. इथे घरी चिटपाखरू नसलं तरी सकाळी साठ मुलं उठून उभी राहत. तेवढ्यावर बाईंचा दिवस निघे. म्हणून त्या दूध चमच्याने चाखून बघत, गॅसची कळ तीनतीनदा तपासत आणि मुलाला फोनवर "ठणठणीत आहे रे" असं सांगत.

तासाच्या शेवटी नर्व्ह तपासायचं प्रात्यक्षिक होतं. पेशंट व्हायला कोणी पुढे येईना.

"बाई, तुम्हीच बसा ना," एक उंच मुलगी म्हणाली. रोज एक शंका काढायची म्हणून बाईंनीच तिला शंकासुर म्हणायला सुरुवात केली होती.

नाही म्हणावं तर चर्चा झाली असती. बाई खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. ट्रेमध्ये तीन बाटल्या असत. कॉफी, लवंग, पुदिना. क्रम त्यांनीच लावून दिलेला.

"कॉफी," त्या म्हणाल्या. मग "लवंग." मग "पुदिना."

"बरोबर," शंकासुर म्हणाली आणि डोळ्यांकडे वळली.

वर्ग सुटला. मुलगी ट्रे पुसत मागे रेंगाळली.

"बाई, पहिली बाटली रिकामी होती."

"काय?"

"पेशंट अंदाजपंचे सांगतोय का ते बघायला एक रिकामी ठेवायची, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"शहाणपणा करायला माझ्यावरच सुचलं का तुला?" बाईंचा आवाज चढला. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि तो खाली आला. "कधीपासून संशय होता?"

"जाऊ दे ना, बाई."

"बोल."

"तुमचा सेंट. तुम्ही जिन्यात असलात तरी वर्गात कळतं. आम्ही लगेच गप्प होऊन उभे राहतो." तिने मान खाली घातली. "फार होतो, बाई. तुम्हाला येत असता तर तुम्ही एवढा लावला नसतात."

बाईंना वाटायचं, पोरांना यंदा शिस्त लागली. दिवसभर प्रेतं टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये हात. अंगाला वास येतो का, हे विचारायचं कुणाला? म्हणून त्या दोनदा आंघोळ करत, सेंट मारत, आणि दारातून बाहेर पडताना भीतीने पुन्हा एकदा मारत.

"काय म्हणतात मला?"

"अत्तरदाणी."

बाईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते मुलीसमोरच पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये आली तेव्हा बाई आधीच येऊन बसल्या होत्या. आज सेंट नव्हता.

"मुलाला सांगून टाकलं," त्या म्हणाल्या. "रविवारी येतोय न्यायला. चिडला नाही. रडला गधडा."

मुलगी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"तिकडे एकच कपाट मिळणार आहे. काय न्यायचं, काय टाकायचं, सगळं ठरलं. एवढंच राहिलंय." बाईंनी पर्समधून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी काढली. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. आत एक लोकरीची कानटोपी होती, कडेला विरलेली. "आमच्या ह्यांची. डोक्यावर एक केस नव्हता, पण तेल थापायचे पावशेर. जाऊन चार वर्षं झाली. मी अधूनमधून पिशवी उघडून बघायचे. आता मला कळत नाही. तू बघ. अजून येतो का?"

मुलीने टोपी दोन्ही हातांत घेतली, नाकाशी धरली. डोळे मिटले. एकदा श्वास घेतला, मग पुन्हा घेतला. टोपी उलटी करून अस्तराशी नाक नेलं. पुष्कळ वेळ गेला. बाई तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या.

"येतो, बाई," ती म्हणाली.

पेशंट 'येतो' म्हणाला की लगेच 'कसला?' विचारायचं, हे या हॉलमधलं शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी विचारलं नाही. त्यांनी टोपी तिच्या हातातून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि हवा जाणार नाही अशी घट्ट गाठ मारली.