भरलेली म्हणजे कोणती?

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पातेलं आहे. अंगाला पोचे आलेत, एक कडी कधीच निखळलीय आणि कल्हईचं नाव तर काढूच नका. पण एके काळी माझा थाट बघण्यासारखा होता बरं का!

खाडीकाठच्या एका छोट्या खानावळीत माझं सगळं आयुष्य गेलं. खानावळ आचाऱ्याची, आणि खेकडे पकडून आणायची त्याची सख्खी आत्या. मागच्या दारी टोपली ओतून ती एकेक चिंबोरी उलटी करून बघायची. पोटाशी अंडी धरलेली मादी दिसली की म्हणायची, "ही बाई भरलेली. हिला माहेरी जाऊ दे." आणि तिला परत खाडीत सोडायची. बाकीच्या माझ्यात शिजायच्या. उकळत्या पाण्यातली त्यांची धडपड मला आतून कळायची. वाईट वाटायचं, आजही वाटतं. पण गिऱ्हाईक बोटं चाटत उठलं की माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला बोलू?

रोजच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त मास्तर होते. एकदा हात धुताना ते म्हणाले, "आजची अगदीच पोकळ निघाली हो. उद्या छान भरलेली द्या."

आचाऱ्यानं ते मनावर घेतलं. "आत्या, उद्यापासून भरलेल्या सोडू नकोस. मास्तरांनी मागितलीय."

"अरे, मग पिल्लं कुठून येणार?"

"एवढी मोठी खाडी! तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

आत्या पुटपुटत राहिली, पण भाच्याचा शब्द तिला मोडवेना. त्या नारिंगी अंड्यांच्या चवीनं लोक वेडे झाले. दाराबाहेर रांगा लागल्या. पहिलं ताट मात्र मास्तरांचं, तेही आचारी स्वतः वाढायचा.

पुढे टोपली हलकी होत गेली. खेकडे आले तरी तळहाताएवढे. एका सकाळी आत्या रिकाम्या हातानं आली आणि उंबऱ्यावरच बसली. "संपलं रे," एवढंच म्हणाली. आता ती आत बसून भाजी चिरते आणि माझ्यात बटाटे उकडतात.

परवा मास्तर आले. आचारी ओशाळून म्हणाला, "मास्तर, तुमची आवडती भरलेली काही आता मिळत नाही. माफ करा."

मास्तर गोंधळले. "अंड्यांची म्हणताय? अहो, मी मांसानं भरलेली मागितली होती! ती अंडी मला कधीच आवडली नाहीत. तुम्ही एवढ्या प्रेमानं वाढायचात, म्हणून गिळायचो."

आचाऱ्यानं वळून आत्याकडे पाहिलं. आत्यानं विळी बाजूला सरकवली आणि पदरानं डोळे पुसले.

मित्रांनो, चव जरूर घ्या. पण ताटात आलेला जीव कोणता, कुठून आला, हे विचारत जा. आणि आवडलं नाही तर तसं सांगत जा. आमच्याकडे एकानं विचारलं नाही, दुसऱ्यानं सांगितलं नाही, आणि मास्तरांनी कधी मागितलंच नव्हतं अशा ताटापायी सगळी खाडी रिकामी झाली.