उपचार पूर्ण

"पेन इथं ठेवा, काका. आत फक्त पेन्सिल."

मी खिशातले पेन काढून टेबलावर ठेवले. आरोग्य खात्याच्या कार्यालयातल्या अभिलेख कक्षातला क्लार्क यज्ञेश्वर याने ते उचलून ट्रेमध्ये टाकले आणि ड्रॉवरमधून बोटभर उरलेली पेन्सिल काढून दिली.

"टोक तुमचं तुम्ही करायचं. शासन पेन्सिल देतं, टोक देत नाही."

सोमवार होता, दुपारचे तीन वाजले होते. सोमवारी तीन ते पाच सरकारी कागद कुणालाही बघता येतात, असे मी ऐकले होते. मला त्या दोन तासांसाठी अकरा महिने लागले.

माझे नाव दशरथ ओव्हाळ. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी चौतीस वर्षे तपासणी विभागात होतो. माझी बायको शालन रेल्वे रुळालगतच्या वस्त्यांमध्ये घरोघर फिरून टीबीचे पेशंट शोधायची. एका परदेशी सरकारच्या मदतीवर चाललेला तो प्रकल्प होता. तिला आरोग्यसाथी म्हणत. लोकांचा खोकला ऐकत फिरता फिरता तिलाच टीबी झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. मध्ये सात आठवडे गोळ्या आल्याच नाहीत. नंतर आल्या, पण तोवर रोग त्या गोळ्यांना दाद देईनासा झाला होता. शालन गेली तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती.

आमची मुलगी अक्षता कोथरूडला एका क्लासच्या ऑफिसात काम करते. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितले, की असा टीबी बहुतेक वेळा गोळ्यांत खंड पडल्यामुळे होतो. आणि गोळ्या द्यायचे काम माझे होते. प्रकल्पाचा नियमच तसा होता. प्रत्येक पेशंटमागे घरातला किंवा शेजारचा एक माणूस नेमायचा. पेशंटने त्याच्यासमोर गोळी गिळायची आणि त्याने कार्डावर त्या तारखेच्या चौकोनात सही करायची. त्या माणसाला उपचार सहाय्यक म्हणत. शालनचा सहाय्यक मी होतो.

"औषधच आलं नव्हतं गं," मी अक्षताला म्हणालो.

"परदेशी लोकांचा प्रकल्प, आणि सात आठवडे औषध नाही?"

"नव्हतं."

"मग कुठंतरी लिहिलेलं असेल ना, बाबा? सरकारी काम आहे. दाखवा मला."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलायची. जेवण झाकून ठेवलंय. गॅस संपलाय. एकदा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "रिटायर होऊन घरातच बसले होते ना. रोज गोळ्या द्यायच्या, एवढंच काम होतं." मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. तिला ते माहीत होते.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. माझा पहिला मसुदा चारशे शब्दांचा झाला. त्यातले बरेचसे शालनबद्दल होते, ते काढले. उरले ते असे, की प्रकल्पाचा कामगिरी अहवाल, औषधसाठ्याची नोंद आणि शालन दशरथ ओव्हाळ यांचे उपचार कार्ड मला बघायला मिळावे.

महिन्याने उत्तर आले. सदर माहिती परकीय शासनाकडून विश्वासाने प्राप्त झालेली असल्याने देता येत नाही. मी अपील केले. सुनावणी कल्याणी मॅडमपुढे झाली. त्या तिथल्या मोठ्या अधिकारी.

"ओव्हाळ, प्रकल्प बंद झाला. परदेशी टीम परत गेली. आता अहवाल बघून काय करणार तुम्ही?"

"माझी बायको गेली, मॅडम."

"त्याचं वाईट वाटतं. पण अपिलात दुःख हा मुद्दा नसतो. मुद्दा सांगा."

मी म्हणालो, "माझ्या बायकोचं कार्ड परदेशी सरकारनं भरलेलं नाही. ते माझ्या घरात भरलंय."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "हा मुद्दा झाला," म्हणाल्या आणि कागद बघू द्यायचा आदेश दिला.

यज्ञेश्वरने फाइल आणून समोर आपटली. धुळीने मला खोकला आला.

"मराठी सारांश मागे आहे. पुढचं इंग्रजी वाचू नका, उगाच देशाबद्दल अभिमान वाटेल."

मी मागून उघडली. तक्ते होते. किती वस्त्या, किती घरे, किती रुग्ण शोधले, किती बरे झाले. सगळे आकडे उद्दिष्टापेक्षा थोडे थोडे जास्तच होते. मी एकेका ओळीवर बोट ठेवून खाली आलो. नवव्या ओळीत लिहिले होते, "औषधपुरवठा खंडित झाल्याच्या घटना : निरंक."

"निरंक म्हणजे शून्यच ना?"

"शून्य लिहिलं की कुणीतरी मोजलं असं वाटतं," यज्ञेश्वर म्हणाला. "निरंक म्हणजे मोजायचीसुद्धा गरज पडली नाही."

"अहो, हे खोटं आहे. आमच्या केंद्रावर सात आठवडे एक गोळी नव्हती. रोज जाऊन विचारायची ती."

"खाली बारीक अक्षरात आहे बघा काहीतरी."

मी चष्मा पुसला. खाली लिहिले होते की ही नोंद उपचार सहाय्यकांच्या सह्यांवरून घेतलेली आहे. औषध रुग्णाने प्रत्यक्ष घेतल्याची खात्री सहाय्यकांनी दररोज सहीनिशी केलेली असल्याने साठ्याची वेगळी तपासणी आवश्यक वाटली नाही. नमुन्यादाखल बारा कार्डे जोडली आहेत.

तिसरे कार्ड शालनचे होते. वर नाव, वय, पत्ता तिच्याच अक्षरात. खाली सहा महिन्यांचे चौकोन. प्रत्येक चौकोनात माझी सही. एकही रिकामा नव्हता. शेवटी निळा शिक्का, "उपचार पूर्ण." कार्डाशेजारी फोटो छापला होता. दोन उंच गोऱ्या बायकांच्या मध्ये शालन उभी. आरोग्यसाथी व स्वतः बरी झालेली रुग्ण, असे खाली लिहिले होते. फोटोत ती हसत होती. त्यानंतर सात महिन्यांनी ती गेली.

मी ते विसरलो होतो म्हणणे सोयीचे आहे. विसरलो नव्हतो. फक्त त्याला कुणी किंमत देईल असे वाटले नव्हते.

तो रविवार होता. जेवण नुकतेच झाले होते. शालनने कार्ड आणि पेन माझ्यापुढे ठेवले.

"अहो, एवढ्या सह्या करून टाका. उद्या पूर्णिमा मॅडम कार्डं गोळा करणारेत. परवा ती बाहेरची माणसं यायचीत तपासायला."

पूर्णिमा मॅडम म्हणजे तिची सुपरवायझर.

"आणि गोळ्या?"

"येतील की ह्या आठवड्यात. मॅडमनी शब्द दिलाय. आल्या की घेईन मी राहिलेल्या."

"मोजल्याशिवाय मी सही करत नाही, शालन."

"ते कारखान्यात. मी काय बॉम्ब आहे का?" ती हसली, मग खोकली. "साथीचंच कार्ड रिकामं दिसलं तर वस्तीतल्या बायांना कुठल्या तोंडानं सांगू मी, गोळी चुकवू नका म्हणून? करा ना. तुमचं काय जातंय?"

चौतीस वर्षांत एकही पेटी मोजल्याशिवाय मी सही करून पुढे सोडली नव्हती. त्या दुपारी एकोणपन्नास सह्या केल्या. शेवटच्या काही वाकड्या यायला लागल्या तेव्हा तिने माझे मनगट धरले. "नीट. सगळ्या सारख्या दिसू द्यात."

पुढे हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारले, गोळ्यांत खंड पडला होता का? शालन म्हणाली, "एकही चुकली नाही. कार्ड बघा माझं." मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. काही बोललो नाही. अक्षताला नंतर मी औषध आले नव्हते एवढेच सांगितले. सह्यांचे सांगितले नाही.

आता ते कार्ड माझ्यासमोर होते. त्यातल्या त्या एकोणपन्नास कुठल्या आणि खऱ्या कुठल्या, हे मी शोधत बसलो. मलाही सापडेनात.

"सही तुमची?" यज्ञेश्वर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"माझी."

"मग मिटलं."

"गोळ्या नव्हत्या आल्या तेव्हा. मी आधीच सह्या करून ठेवल्या."

"काका," तो खुर्ची ओढून बसला, "एक दशरथ ओव्हाळ कागदावर म्हणतोय आल्या. दुसरा इथं बसून म्हणतोय नाही आल्या. मी कुणाचं ऐकू? तुम्ही पाचला घरी जाल. तो इथंच राहणार आहे."

त्याने ते चिडून म्हटले नाही. चहा सांगावा तसे म्हटले. मग खरोखरच चहा सांगितला, एकच, स्वतःसाठी.

मी घरी आलो नाही. शिवाजीनगर कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात तिथे गेलो आणि प्रतिज्ञापत्र करून घेतले. शालन ओव्हाळ यांच्या कार्डावरील एकोणपन्नास सह्या मी औषध नसताना एकाच दिवशी केल्या. त्या खोट्या आहेत. तरी अहवालातली नोंद दुरुस्त करावी.

टायपिस्ट थांबला. "हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहून देताय. कळतंय ना?"

"टाइप करा."

दुसऱ्या दिवशी ते कार्यालयात दिले. आवक खिडकीवरची बाई रजेवर होती, म्हणून यज्ञेश्वरच बसला होता. त्याने उभ्या उभ्या वाचले.

"गुन्हा दाखल झाला तर?"

"होऊ दे."

"नाही व्हायचा. त्यासाठी आधी कुणीतरी वाचावं लागतं." त्याने शिक्का मारला आणि माझी प्रत मला परत दिली.

पण कुणीतरी वाचले. चाळीस दिवसांनी रजिस्टर टपाल आले. अक्षताला सुट्टी होती, पोस्टमनला सही तिनेच दिली आणि पाकीट तिनेच फोडले. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. ती दारात उभी राहून मोठ्याने वाचू लागली.

"आपल्या प्रतिज्ञापत्रावरील सहीशी उपचार कार्डावरील सर्व सह्यांची पडताळणी केली असता त्या तंतोतंत जुळत असल्याचे आढळून आले आहे. सबब सदर सह्या खऱ्या असून अहवालातील नोंद बरोबर आहे. प्रकल्प बंद झाला असल्याने याविषयी पुढील पत्रव्यवहार केला जाणार नाही."

तिने पुन्हा वाचले, या वेळी मनात.

"म्हणजे गोळ्या आल्या होत्या."

"नव्हत्या."

"तुम्ही सह्या केल्यात ना?"

"केल्या. एकोणपन्नास, एकाच दिवशी बसून. तुझ्या आईनं सांगितलं म्हणून."

अक्षता खाली बसली. ती माझ्याकडे बघत होती. वर्षभरात तिने तसे बघितले नव्हते.

"बाबा, खरं सांगा. आई तोंडात धरून टाकून द्यायची का?"

"काय?"

"तिला उलट्या व्हायच्या त्या गोळ्यांनी. मला म्हणाली होती एकदा. तुम्ही रोज देत होतात, सही करत होतात, आणि ती मागच्या मागे थुंकत होती. आता तिचं नाव खराब होऊ नये म्हणून तुम्ही हे सगळं स्वतःवर घेताय. कोर्टात जाऊन खोटं लिहून देताय."

"अक्षता, औषध आलंच नव्हतं. आईनं एकही गोळी टाकली नाही. मी सांगतोय ना."

"एकोणपन्नास सह्या कुणी एका दिवसात करतं का, बाबा? तुम्ही? मी लहान होते तेव्हा प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आधी सगळे मार्क पुन्हा बेरीज करून बघायचात तुम्ही."

मी खूप सांगितले. रविवार सांगितला, पेन सांगितले, पूर्णिमा मॅडमचे सांगितले. मी जितके सांगत गेलो तितका तिचा चेहरा मऊ होत गेला. शेवटी तिने माझ्या हातातली भाजी काढून घेतली.

"असू दे. मी वर्षभर तुम्हाला काय काय बोलले. आणि तुम्ही गप्प राहिलात तिच्यासाठी." तिने पत्राची घडी घालून ते माझ्या औषधांच्या डब्याखाली ठेवले. "जेवायला बसा. गरम करते."

तेव्हापासून ती माझ्याशी चांगली वागते. संध्याकाळी येताना मार्केट यार्डाच्या बाजूने वळसा घालून मला आवडते म्हणून पपई आणते. पाठ दुखते का विचारते. आईचा विषय निघाला की उठून जाते.

शालनचे मनगटी घड्याळ अक्षता रोज हातात घालून कामाला जायची. पत्र आल्यानंतरच्या सोमवारी ते फ्रीजवर राहिले. मंगळवारीही राहिले. बुधवारी ती निघताना मी हातात घेऊन दारापर्यंत गेलो.

"विसरलीस."

"बंद पडतंय ते सारखं," ती चपला घालत म्हणाली. "राहू दे तिथंच."

ती जिना उतरून गेली. मी घड्याळ कानाला लावले. चालू होते. भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून पाहिले. वेळ बरोबर होती.