पिवळा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना वाटाड्या आहे. मला पाय नाहीत की जीभ नाही. तळहाताएवढा देह, त्यावर एक छोटा पडदा आणि बाजूला पाच बटणे. माणसे मला जीपीएस म्हणतात. सध्या मी अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या एका स्वयंपाकघराच्या खणात दोऱ्याची रिळे, अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या आणि एका बोथट कात्रीच्या सोबतीने पडून आहे. थकलो आहे. तरी ऐकणार असाल तर सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते शिकारीच्या सामानाचे दुकान आणि काउंटरवर ओणवा झालेला हार्लन. हार्लन नीगार्ड एकतीस वर्षे शाळेची बस चालवून नुकताच निवृत्त झाला होता. त्याला यंत्रांची हौस मुळीच नव्हती. पण आदल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत एल्कच्या मागे, म्हणजे इकडच्या थोराड सांबराच्या मागे, धुक्यातून चालता चालता तो वेंडेल क्रॉसच्या कुरणात शिरला होता. आमच्या भागात सरकारी माळ आणि खासगी कुरणे बुद्धिबळाच्या पटासारखी एकमेकांत बसलेली आहेत. सरकारी चौकोनात कोणाही परवानाधारकाने शिकार करावी. खासगीत मात्र मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकले की ती घुसखोरी.

वेंडेलने भर कॉफीच्या दुकानात त्याला सुनावले होते, "माझी तीन पोरं तुझ्या बसमधून शाळेत गेली, हार्लन. घर तुला ठाऊक आहे. विचारायला तोंड नव्हतं?"

त्या दिवसापासून गाडी समोरून आली की वेंडेल स्टीअरिंगवरची दोन बोटे वर करीनासा झाला. इकडच्या रस्त्यांवर तोच नमस्कार. ती दोन बोटे गेली, हे हार्लनला फार लागले होते.

दुकानातल्या बाईने दोन यंत्रे पुढे ठेवली. "हे बघा, नुसतं बोट फिरवायचं."

"बर्फात हातमोजे काढून बोटं फिरवत बसू? ते बटणांचं दाखवा. त्यात मालकांची नावं दिसतात ना?"

"सगळी. सरकारी जागा पिवळी, खासगी पांढरी, त्यावर मालकाचं नाव. फक्त नकाशाचं कार्ड दरवर्षी ताजं करून घ्या."

"का बरं? जमीन काय उठून चालायला लागते?"

त्याची बायको मार्ना मागे उभी होती. ती म्हणाली, "घे बाबा तेच. घरात स्वतःचे मोजे सापडत नाहीत, निदान वेंडेलचं कुंपण तरी सापडेल."

सगळे हसले, आणि माझी निवड झाली.

मग माझ्या उमेदीची वर्षे सुरू झाली. गाडीत मी काचेपाशी, चालताना हार्लनच्या छातीवरच्या खिशात. प्रत्येक टेकडीवर तो मला बाहेर काढून विचारी, "काय म्हणतोस?" मी पांढरा रंग दाखवला की तो निमूट मागे वळे. एकदा तर सीमेपलीकडे तीस पावलांवर उमदा एल्क उभा होता. हार्लनने बंदूक खांद्याला अडकवली आणि परत फिरला. समोरच्या टेकाडावरून वेंडेल दुर्बिणीने ते पाहत होता. पुढच्या आठवड्यात त्याची गाडी समोरून आली आणि एक बोट वर झाले.

"एकच," हार्लन जेवताना मार्नाला म्हणाला, "पण झालं वर!"

वर्षभरात दोन झाली. हार्लन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणे, "सगळं ह्याच्यामुळे." स्तुतीने कोण फुगत नाही? मीही फुगलो. नकाशाचे कार्ड मात्र खरेदीच्या दिवशी होते तेच राहिले.

सातव्या वर्षी आम्ही ओढ्याकाठच्या एका चौकोनाशी आलो. तिथल्या कुंपणाच्या खांबांना ताजा नारिंगी रंग दिलेला होता. आमच्याकडे नारिंगी खांब म्हणजे विचारल्याशिवाय आत येऊ नका. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळते. हार्लन थबकला. त्याने मला बाहेर काढले. मी पिवळा चौकोन दाखवला, अगदी ठामपणे.

"म्हातारा वेंडेल सरकारी जागेलाही रंग फासायला लागला की!" हार्लन पुटपुटला. असे लबाड मालक असतात म्हणतात. त्याने तार ओलांडली. तासाभरात त्याने एल्क पाडला.

बंदुकीचा आवाज ऐकून वेंडेल आला. हार्लनने मला त्याच्या नाकासमोर धरले. "बघ. सरकारी आहे."

"होती," वेंडेल म्हणाला. "दोन वर्षं झाली अदलाबदल होऊन. डोंगरावरचा माझा तुकडा सरकारला गेला, हा मला आला. पोस्टात नोटीस लागली होती. खांब रंगवले. आणखी काय करू, गाणं म्हणू?"

"यंत्र म्हणालं..."

"यंत्राला विचारलंस. पुन्हा मला नाही विचारलंस."

मित्रांनो, माझ्या पडद्यावर दिशा कळते, उंची कळते, किती चाललो तेही कळते. 'मला ठाऊक नाही' एवढे सांगायची सोय मात्र माझ्यात कोणी केली नाही. म्हणून शिळी गोष्टही मी ताज्या गोष्टीइतक्याच खात्रीने सांगत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

वेंडेलच्या आधी हार्लननेच शिकार अधिकाऱ्याला फोन लावला. मांस नासू नये म्हणून एल्क स्वतः साफ करून दिला. ते मांस वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेले. पुढच्या हंगामाचा परवानाही गेला. ते सारे त्याने सोसले. पण रस्त्यात वेंडेलचे हात पुन्हा स्टीअरिंगला चिकटले, ते त्याला सोसवेना. त्याने मला या खणात फेकले. आतले सेल फुटून पाझरले आणि माझे एक बटण कायमचे रुतले.

"त्याचा काय दोष?" मार्ना म्हणाली. "कार्ड ताजं करा म्हणून ती बाई सांगत होती. तूच ऐकलं नाहीस."

परवाना परत मिळाला तेव्हा त्याने व्हिनेगर आणि दातांच्या ब्रशने मला घासले, नवे कार्ड घातले. मला वाटले, निघालो डोंगरावर. पण गाडी थांबली ती वेंडेलच्या दारात. हार्लनने टोपी हातात घेतली.

"ह्या वर्षी ओढ्याकाठी येऊ का? नाही म्हणालास तरी राग नाही."

वेंडेलने त्याच्या खिशाकडे बोट केले. "ते खेळणं आणलंयस?"

हार्लनने मला पुढे केले. हा आता मला दगडावर आपटणार, असे वाटून मी घाबरलो. वेंडेल आत गेला आणि पांढरी चिकटपट्टी घेऊन आला. ती माझ्या पाठीवर लावून त्याने जाड पेनाने आपला फोन नंबर लिहिला.

"हा नकाशा शिळा होत नाही," तो म्हणाला. "आधी इथं फोन. मग बघ त्या पडद्याकडे."

आता हार्लनचे गुडघे गेले आहेत आणि माझा पडदा अर्धाच उजळतो. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. ठेवून देताना सेल काढा, नकाशे दरवर्षी ताजे करा. आणि आमचे ऐकण्याआधी समोरचा खांब बघा, ज्याची जमीन आहे त्याला विचारा.

पाने पिवळी पडली की हार्लन अजून हा खण उघडतो. चष्मा लावतो, मला उलटा धरतो आणि एकेक आकडा वाचून फोन फिरवतो. "वेंडेल, येऊ का रे? बंदूक नाही, नुसती कॉफी."

तो नंबर त्याला केव्हाच पाठ झाला आहे. तरी तो मला हातात घेतल्याशिवाय फोन लावत नाही.