दाराचं नाव

जळलेला कोट असो की उंदरानं कुरतडलेली शाल, रफूमावशींच्या हातून गेली की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे. नवरा गेल्यापासून त्या खिडकीशी एकट्याच बसून काम करत. गिऱ्हाईक यायचं, कपडा ठेवून जायचं. बोलणं कामापुरतं. मुलगा दूरच्या शहरात पूल बांधण्याच्या कामावर होता. अधूनमधून फोन यायचा, पण "कशी आहेस?" "मजेत," याच्यापुढे गाडी सरकत नसे.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. तिच्या मुलीला, वाटोळ्या डोळ्यांमुळे, सगळे गोटी म्हणत. पाळणाघर अचानक बंद पडलं तेव्हा नर्सनं मावशींना गळ घातली, "दिवसपाळीपुरती सांभाळाल का हो हिला?"

मावशींनी सांभाळली. सुया उंच फळीवर गेल्या, गोटीला वेळेवर खाणं-पिणं मिळू लागलं. पोर गुणाची. चिंध्यांची टोपली पुढ्यात दिली की तिचा खेळ रंगायचा. पण दोन वर्षांची व्हायला आली तरी तोंडातून एक शब्द नाही.

एका संध्याकाळी नर्स उंबऱ्यातच बसली.

"डॉक्टर म्हणाल्या, कान उत्तम आहेत. मग त्यांनी विचारलं, दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?" ती जरा घुटमळली. "मावशी, राग मानू नका. तुम्ही बोलता ना तिच्याशी?"

"बोलते की!"

पण मायलेकी वर गेल्यावर मावशी आठवू लागल्या. ऊठ. आ कर. सुईला हात नको. कितीही खोदलं तरी याच्यापलीकडे काही निघेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली. नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हातारीला भ्रम झाला. "हा लाल दोरा," त्या म्हणाल्या. "हा बघ, निळा." स्वतःचाच आवाज परक्यासारखा वाटला. गंजलेल्या नळातून आधी नुसती हवा यावी तसं होत होतं. मग धार लागली, खिडकीही पुन्हा उघडली. कोटाच्या अस्तराची गोष्ट झाली, समोरच्या छपरावरच्या मांजरीची झाली. नवरा इतका बेसूर गुणगुणायचा की शेजारी भिंतीवर थापा मारायचे, हेही त्यांनी सांगून टाकलं आणि एकट्याच हसल्या. गोटी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली.

आणि एका दुपारी जिन्यात पावलं वाजली. गोटी उठली, दारापाशी गेली, दारावर तळवा ठेवून स्पष्ट म्हणाली, "कोनीनाई."

मावशींनी तिला उचलून गरगर फिरवलं. बोलली पोर! संध्याकाळी आई आली तर गोटीनं पुन्हा दार थोपटलं, "कोनीनाई." मग कपाटाचं दार. मग शेजाऱ्यांचं दार.

नर्सला हसू आवरेना. "अगं बाई, दाराला कोणी नाही म्हणते ही! कुठून उचललं असेल हो?"

"काय माहीत," मावशी म्हणाल्या. "पोरं कुठूनही उचलतात."

पण त्यांना उमगलं होतं. जिन्यात पावलं वाजली की त्यांची सुई थांबायची, नजर दाराकडे जायची. पावलं वर निघून जायची. "कोणी नाही," असं म्हणून त्या पुन्हा टाका घालायच्या. आपण हे मोठ्यानं म्हणतो, याचा त्यांना पत्ताच नव्हता. पोरीनं मात्र रोज ऐकलं होतं, आणि मावशी बघतात त्या वस्तूचं हेच नाव, असं सरळ ठरवून टाकलं होतं.

"दार," मावशी तिला शिकवू लागल्या. "म्हण, दार."

"कोनीनाई," गोटी समजावल्यासारखं म्हणायची.

मग मात्र शब्दांची रांग लागली. दोला, म्हणजे दोरा. माची, म्हणजे मावशी. हळूहळू दारही आलं. आणि सगळ्यांत लाडका शब्द, "ये." कबुतराला ये, रस्त्यावरच्या बसला ये, समोर शिडीवर चढलेल्या रंगाऱ्यालाही ये. रंगारी हात हलवायचा. बाकी कुणी ढुंकूनही बघायचं नाही. गोटीला त्याचं काही नाही. एक उडून गेलं की दुसऱ्याला हाक. ना मान, ना अपमान.

मावशी हे बघत राहायच्या. शेवटी एका दुपारी, गोटी झोपलेली असताना, त्यांनी मुलाला फोन लावला.

"आई? काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तू ये."

"काही काम आहे का?"

"काम नाही. मला करमत नाही इथे. ये."

पलीकडचा यंत्रांचा खडखडाट मागे पडला; तो बाजूला आला असावा.

"तू असं कधी म्हणाली नाहीस, आई."

"नाही म्हणाले. आता म्हणतेय."

"बघतो," तो म्हणाला. "सुट्टीचं बघतो."

तो लगेच आला नाही. त्याआधी गोटीचंच येणं थांबलं. रुग्णालयानं कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी स्वतःचं पाळणाघर काढलं. तिथं बरोबरीची पोरं होती. जाताना गोटी बडबडत जिना उतरली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि का पाहावं? मावशींनी चिंध्यांची टोपली फळीवर ठेवली. खोली इतकी शांत झाली की कापडातून दोरा ओढल्याचा आवाजही कानाला लागू लागला.

मुलगा आला तो पुढे, एका सुट्टीच्या दिवशी. वाळला होता, उन्हानं रापला होता. जेवण होईपर्यंत दोघांनाही विषय सुचेना. तो सारखी खोली न्याहाळत होता, पाहुण्यासारखा. मग पलंगावर टेकला आणि म्हणाला, "सांग काहीतरी."

मावशींनी मांडीवर कोट घेतला आणि सांगायला लागल्या, वरच्या मजल्यावरच्या एका पोरीबद्दल. ती चिंध्या रंगांप्रमाणे कशी लावायची, रंगाऱ्याला कशी हाका मारायची. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली. मुलगा गाढ झोपला होता, तोंड थोडं उघडं, बूट अजून पायातच.

मावशींनी त्याचे बूट हळूच काढले, पुन्हा जागेवर बसल्या, आणि आवाज थोडा खाली घेऊन पुढचं सांगत राहिल्या.