काठी खाली

"पट्टा खांद्यात रुतून राह्यला माया, अन् बाई म्हणते कार्यक्रम लहानसाच हाय. लहान हाय त मोठा ढोल काऊन आणाले लावला?"

दामिनी मागच्या सीटवर कुरकुरत होती, तीही बाईंच्या कानापर्यंत जाईल अशा बेताने. सुलोचनाबाईंनी ऐकलं आणि खिडकीबाहेरची तूर पाहण्यात मन रमवलं. अल्लीपूरच्या मुलींच्या शाळेचं बँडपथक घेऊन बस पिपरी मेघेकडे निघाली होती. कशासाठी, ते बाईंना ठाऊक होतं. मुलींना सांगायची सोय नव्हती.

"जिल्हा स्पर्धेआधी सराव होते पोरींचा," शाळेतले बाबू हेमराज म्हणाले होते. "अन् वाद्यं संस्थेची हायेत, बाई. अध्यक्षसाहेबांच्या मनात आलं त उद्या कुलपात जातीन."

मुलींना ढोल कशाला, टाळ्या पुरे झाल्या, म्हणणाऱ्या संस्थेकडून बाईंनी ती वाद्यं अक्षरशः ओरबाडून आणली होती. कुलपाचं नाव निघालं आणि बाई कबूल झाल्या.

बस लग्नाच्या लॉनपाशी थांबली. कमानीवर गुलाबांत दोन नावं, मध्ये बदाम. अलीकडे रस्त्यावर सजवलेली घोडी, आणि घोडीवर अध्यक्षांचे चिरंजीव अमर, मुंडावळ्यांमागे घामाघूम. आंधळ्यालाही कळलं असतं. तरी हेमराज मुलींना म्हणाले, "मान्यवरांचं स्वागत करायचं हाय. शिस्तीत."

बासरीवाली पौर्णिमा हळूच म्हणाली, "बाई, मान्यवर घोडीवर बसून येते काय?"

रांगभर खसखस पिकली. "रांग धरा," बाई म्हणाल्या आणि दामिनीचा पट्टा उगाच नीट करू लागल्या.

दामिनी मात्र हसली नव्हती. "बाई, माया बाबा बँडमध्ये वाजवते. त्याले बोलावणारा आधी घरी येते, चहा पेते, 'याल का भाऊ' म्हणते. आमाले कोणी म्हटलं?"

बाईंची बोटं बकलावरच अडकली.

बँडची मेजर रक्षा. हातभर रंगीत काठी घेऊन ती पुढे चालायची. काठी वर गेली की वाजवायचं, खाली आली की थांबायचं. "मैदानात काठीशिवाय कोणाचं ऐकायचं नाई," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "मी बोंबलली तरी नाई."

काठी वर गेली. ढोल घुमला, बासऱ्या लागल्या, घोडी डुलत निघाली. कमानीपर्यंत सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात फेटा बांधलेला एक मामा नाचत आला, खिशातून नोट काढली आणि दामिनीच्या डोक्याभोवती ओवाळू लागला. "वाजव पोरी! जरा नाचाचं वाजव!"

दामिनीचा टोला चुकला. रक्षानं वळून पाहिलं. आणि काठी खाली आली.

एका झटक्यात सगळं बंद. ढोलाच्या आवाजावर चालायला सरावलेली घोडीही कमानीत पाय रोवून उभी राहिली. मागचं वऱ्हाड आगगाडीच्या डब्यांसारखं एकमेकांवर आदळलं.

"पोरीहो, वाजवा ना!" हेमराज ओरडले. मामा ओरडला. नवरदेवाने टाच मारून पाहिली. घोडी ढिम्म, पोरीही ढिम्म. सगळ्यांचे डोळे काठीवर.

मग स्वतः अध्यक्ष प्रभाकरराव आले. चेहऱ्यावर हसू तसंच चिकटवलेलं, आवाज मात्र दातांतून. "सुलोचनाबाई, कार्यक्रम का थांबला? सांगा त्यांना. की वाद्यं जड झालीत शाळेला?"

बाईंनी रक्षाकडे पाहिलं. काठी तसूभरही वर येत नव्हती. आपणच शिकवलं हे, बाईंच्या मनात आलं. आता कुलपाला भिऊन आपणच मोडायला लावायचं?

आजवर त्या या माणसाशी 'होय साहेब' म्हणत पुस्तकी मराठीत बोलत आल्या होत्या. आज जीभ घरचीच वळली.

"कार्यक्रम नोहे हा, प्रभाकरराव," त्या म्हणाल्या, तेही अख्ख्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा मैदानी आवाजात. "तुमच्या पोराची वरात हाय. अन् माया पोरी तुम्ही न इचारता वरातीत जुंपल्या. आता त्याहिले 'याल का' म्हणून इचाराल, तवाच काठी वर जाईन."