बोंडराणीची वावटळ

गजेंद्रनं घरात सांगून टाकलं होतं, ‘बोंडराणी’ चालली तर लिहीन, नाहीतर नांदगाव खंडेश्वरला खुशालकाकांच्या कृषी केंद्रात बसून बियाणं विकीन. लेखणीला पुन्हा हात म्हणून लावणार नाही. आणि हा माणूस बोलला की बोलला. दहावीत चहा सोडला तो आजतागायत शिवला नाही. त्यामुळे त्याची धाकटी बहीण आकांक्षा त्या रविवारी अकोल्याच्या एका कॉलेजच्या हॉलात ‘बोंडराणी’च्या पहिल्या खेळाला बसली ती देवाचं नाव घेतच.

‘बोंडराणी’ म्हणजे या बहीणभावानं अमरावतीच्या दोन खोल्यांत तीन वर्षं खपून केलेली, जपानी थाटाची आठ भागांची ॲनिमे मालिका. गोष्ट त्याची, चित्रं तिची. वलगावची एक पोरगी तलवार घेऊन ढगातल्या राक्षसाशी लढायला निघते, एवढंच. पण चित्रं म्हणाल, तर बापा, काय सांगावं! काळी माती ओली दिसायची, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान अन् पान हलायचं, राणीच्या वेणीतला केस न् केस वेगळा. पहिल्याच भागाला हॉल टाळ्यांनी दणाणला.

आकांक्षाचं ध्यान मात्र शेजारी बसलेल्या मैनाआत्याकडे होतं. दर्यापूरहून जीपमध्ये कोंबून आलेली ही आत्या कापूस वेचता वेचता बायांच्या गोष्टी ऐकून मोठी झालेली. आमच्या वऱ्हाडात गोष्ट ऐकणाऱ्यानं ‘हूं’ म्हणायचं असतं. ‘हूं’ थांबला की सांगणाऱ्यानं समजावं, गाडी चिखलात रुतली. आता पडद्याला कोणी हुंकार देतं का? आत्या देत होती. पुढच्या रांगेतली पोरं वळून वळून हसत होती, पण तिला काय त्याचं! पहिला भाग हूं, दुसरा भाग हूं.

तिसऱ्या भागात वावटळ सुटली. साऱ्या शिवाराचा कापूस उडाला आणि आभाळात त्याचे ढग झाले. साडेचार मिनिटं, शब्द नाही. लोक उभे राहून शिट्ट्या मारू लागले. आत्याचा हुंकार तेवढा बंद पडला. वावटळ सरली आणि राणी एकदम राक्षसाच्या दारात उभी. आत्यानं हळूच विचारलं,

“पण ही पोट्टी घरून निघाली काहून?”

आकांक्षाचा चेहरा उतरला. कारण त्या ‘काहून’चं, म्हणजे ‘का’चं, उत्तर गजेंद्रनं लिहिलं होतं. माय भाकरी थापते आहे, पोरगी समोर बसली आहे, आणि माय सांगते की राक्षस आपणहून आला नाही, तुझ्या बापानंच त्याला गावात बोलावलं. दोन चेहरे आणि एक तवा, बस. आकांक्षाला तो तवा काढायचा कंटाळा आला होता. खरं ते खरं. इथं वावटळ टाकू, लोकं पागल होतील, असं ती म्हणाली होती, आणि भाऊ मुकाट्यानं हो म्हणाला होता. मग तिला चटकच लागली. सहाव्या भागातली बापलेकीची भेट तिनं सूर्यास्तात बुडवली, आठव्यातली माफी धुक्यात घालवली. त्या प्रश्नानंतर आत्याचा ‘हूं’ पुन्हा आला नाही. पाचव्या भागात तिला डुलकी लागली.

खेळ संपल्यावर जो तो तेच बोलू लागला. चित्रं एक नंबर, स्टोरी भंगार. एका प्राध्यापकानं तर माईक घेऊन, कथानक कसं असावं यावर पंधरा मिनिटं अक्कल पाजळली. हैदराबादच्या ॲनिमेशन कंपनीतून आलेल्या गृहस्थानं आकांक्षाला पुढच्या मालिकेचं काम देऊ केलं आणि जाता जाता सल्ला दिला, लेखक तेवढा चांगला पाहा. गजेंद्र दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. सगळं ऐकत होता आणि पाहुण्यांना कचोरी वाढत होता.

आकांक्षाला राहवलं नाही. बसस्टँडवर तिनं त्याला गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. गोष्ट तुझी चांगली होती, तिचा गळा मी दाबला, मला साधा तवा काढायचा कंटाळा आला, हे सगळं. कंपनीला मी उद्याच हे कळवते, असंही म्हणाली. बोलता बोलता ती रडायलाच लागली.

गजेंद्रनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तो हसला. रागानं नव्हे, लहान बहिणीच्या डोक्यावर हात ठेवावा तसा.

“एकेका बोंडाले तीन-तीन दिवस देणारी तू, अन् तुले तव्याचा कंटाळा आला? कोन मानन हे? ते सीन कमजोर होते म्हणून तू काढले. मले तेव्हाच समजलं होतं. मले वाईट वाटू नाही म्हणून बोलली नाही, अन् आताही माह्या मनासाठीच बोलून राहिली.”

नांदगावची गाडी लागली. त्यानं पिशवी खांद्यावर टाकली.

“राहू दे, आकांक्षा. तू चित्रंच काढ. गोष्ट रचनं तुले जमत नाही.”